नव्वद वर्षांची पेढी, सव्वीस दिवसांची मुदत: मिनरल वेल्सच्या मोटारविक्रेत्याचे प्रकरण

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, फोर्ट वर्थ शहराच्या पश्चिमेला साधारण 80 किलोमीटरवर मिनरल वेल्स नावाचे गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या विहिरींच्या खनिजयुक्त पाण्याने दुखणी बरी होतात अशी ख्याती पसरली आणि 1929 मध्ये गावाच्या मानाने अवाढव्य असे बेकर हॉटेल उभे राहिले. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात फोर्ट वोल्टर्स या लष्करी तळावर हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण चाले. तो तळ 1973 मध्ये बंद झाला. 2010 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 17,000 च्या आत होती. पाण्याची ख्याती गेली, हॉटेल बंद पडले, लष्कर गेले, तरी गावातील एक कुटुंब 1919 पासून मोटारींचा धंदा करीत राहिले. क्रायस्लर कंपनीची स्थापना 1925 ची असल्यामुळे हे दुकान ज्या कंपनीच्या गाड्या विकत होते त्या कंपनीपेक्षाही सहा वर्षांनी जुने होते.

14 मे 2009 रोजी क्रायस्लरने न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात अर्ज दाखल करून आपल्या 3,181 विक्रेत्यांपैकी 789 जणांचे करार रद्द करण्याची परवानगी मागितली. त्या यादीत मिनरल वेल्सच्या या पेढीचे नाव होते. विक्रेत्यांना कळले ते कुरिअरने आलेल्या पत्रातून किंवा न्यायालयात दाखल झालेली यादी वाचून. कराराचा शेवटचा दिवस 9 जून धरला होता, म्हणजे आवराआवरीला मुदत मिळाली 26 दिवसांची. 3 जूनला सिनेटच्या वाणिज्य समितीने या विषयावर सुनावणी घेतली तेव्हा मिनरल वेल्सचा विक्रेता आणि वेस्ट व्हर्जिनियातील स्पेन्सर या जेमतेम सव्वादोन हजार वस्तीच्या गावातला दुसरा एक विक्रेता साक्षीसाठी उपस्थित होते. समितीचे अध्यक्ष जे रॉकफेलर स्वतः वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर होते. कंपन्यांची बाजू मांडण्यासाठी जनरल मोटर्सचे फ्रिट्झ हेंडरसन आणि क्रायस्लरचे जिम प्रेस आले होते.

हे प्रकरण अभ्यासण्याजोगे वाटते ते त्यातल्या करुण रसामुळे नव्हे. मंदीत दुकाने बुडतात आणि मोटारविक्रीची दुकानेही त्याला अपवाद नाहीत. येथे वेगळे असे की यादीतल्या कित्येक पेढ्या बुडालेल्या नव्हत्या. त्यांचे कर्ज फिटत होते आणि गिऱ्हाईक टिकून होते. गावात त्यांची पत होती, पण त्या प्रतिष्ठेच्या जोरावर जे विकायचे ते विकण्याचा हक्क मात्र दुसऱ्याच्या हातात होता. गावातल्या मोटारविक्रेत्याच्या आयुष्यातली ही मूळची विसंगती एरवी कराराच्या बारीक अक्षरात दडून राहते, ती या 26 दिवसांत उघडी पडली.

धंद्याची घडण

अमेरिकेत मोटारी नव्याने आल्या तेव्हा गावोगावी त्या विकायला पुढे आले ते लोहार, सायकलवाले, घोडागाडीचे आणि शेतीअवजारांचे व्यापारी. कारखानदारांकडे देशभर दुकाने काढण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी स्थानिक माणसाला विक्रीचा हक्क दिला आणि त्या बदल्यात इमारत, दुरुस्तीची जागा, सुटे भाग, नोकरमाणसे, जाहिरात अशा सगळ्याचा खर्च त्याच्या अंगावर टाकला. ही व्यवस्था थोड्याफार बदलांनिशी आजही चालू आहे. गाडी कारखान्यातून बाहेर पडली की कंपनीच्या वहीत ती विकली गेलेली असते, कारण विक्रेत्याच्या वतीने सावकारी करणारी वित्तसंस्था कंपनीला पैसे चुकते करते. या कर्जाला तिकडे ‘फ्लोअर प्लॅन’ म्हणतात. गाडी दुकानासमोरच्या पटांगणात उभी राहील तितके दिवस व्याज विक्रेत्याच्या नावावर चढत जाते, म्हणून कसलेला विक्रेता सकाळी आल्या आल्या कोणती गाडी किती दिवसांपासून पडून आहे ते आधी पाहतो.

तेव्हा कंपनीचे खरे गिऱ्हाईक विक्रेता असतो आणि गाडी चालवणारा विक्रेत्याचे गिऱ्हाईक असतो. हे नीट लक्षात घेतल्याशिवाय पुढचा सगळा वाद कळत नाही. कंपनी अडचणीत आली की ती माल विक्रेत्याच्या गळ्यात मारते, ही जुनीच रीत आहे. 1920-21 च्या मंदीत हेन्री फोर्ड यांनी बँकांकडे हात पसरण्याऐवजी मागणी नसताना हजारो गाड्या रेल्वेने विक्रेत्यांकडे पाठवल्या आणि पोचताक्षणी रोख रक्कम मागितली. ज्याला घेणे जमले नाही त्याचा हक्क जाण्याची भीती होती. 1950 च्या दशकाच्या मध्यावर फोर्ड आणि शेवरोले यांच्यात उत्पादनाची चढाओढ लागली तेव्हाही तेच घडले, आणि विक्रेत्यांच्या तक्रारींवर सिनेटमध्ये चौकशी होऊन 1956 मध्ये विक्रेत्याला कंपनीविरुद्ध संघीय न्यायालयात दाद मागण्याचा हक्क देणारा कायदा झाला. त्याआधीच, 1937 मध्ये, विस्कॉन्सिन राज्याने या धंद्याच्या नियमनाचा कायदा केला होता. पुढे पन्नासही राज्यांनी असे कायदे केले. पुरेसे कारण दिल्याशिवाय करार मोडता येणार नाही, जवळच्या हद्दीत दुसरा विक्रेता नेमता येणार नाही, करार संपलाच तर गाड्या, भाग आणि खास अवजारे कंपनीने परत घ्यावीत, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप आहे.

या कायद्यांमागे विक्रेत्यांची राजकीय ताकद आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रत्येक आमदाराच्या मतदारसंघात एक तरी मोटारविक्रेता असतो, तो सभांना वर्गणी देतो, आणि त्याच्या शब्दाला वजन असते. याच कायद्यांचा आधार घेऊन पुढे विक्रेत्यांच्या संघटनांनी टेस्लाला थेट विक्रीपासून अडवण्याचे प्रयत्न केले, त्यात ग्राहकाचे हित होते असे म्हणणे कठीण आहे. तरीही 2009 च्या आधी या कायद्यांमुळे एक गोष्ट निश्चित झाली होती: विक्रेत्याला काढायचे तर मोबदला द्यावा लागे. जनरल मोटर्सने डिसेंबर 2000 मध्ये ओल्ड्समोबाइल ही जुनी गाडीमालिका बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा विक्रेत्यांचे समाधान करण्यात तिचे सुमारे शंभर कोटी डॉलर गेले. डेट्रॉइटमध्ये हा धडा कोणी विसरले नव्हते.

गावातले स्थान

अशा विक्रेत्याचे गावातले आयुष्य बाहेरच्या माणसाला भाबडे वाटण्याचा संभव आहे. लहान मुलांच्या बेसबॉल संघाच्या सदऱ्यांवर त्याचे नाव असते. शाळेच्या फुटबॉल सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याची अर्ध्या पानाची जाहिरात असते आणि शाळेत मोटार चालवायला शिकवण्यासाठी लागणारी गाडी त्याच्याकडूनच आलेली असते. तालुक्याच्या जत्रेत शेतकऱ्यांच्या मुलांनी वाढवलेल्या वासरांचा आणि डुकरांचा लिलाव होतो, त्यात बाजारभावाहून चढी बोली लावून जनावर घेणाऱ्यांत तो असतो, कारण तो पैसा मुलाच्या पुढच्या शिक्षणाला जातो हे सगळ्यांना माहीत असते. रोटरी किंवा लायन्स क्लबात, व्यापारी मंडळात, रुग्णालयाच्या विश्वस्तांत तो दिसतो. 1970 पासून ‘टाइम’ नियतकालिकाच्या नावाने देशातल्या उत्कृष्ट मोटारविक्रेत्याला जो वार्षिक पुरस्कार दिला जातो त्याच्या निवडीतही धंद्यातील कामगिरीबरोबर समाजकार्य पाहिले जाते.

यात दानत असते आणि व्यापारही असतो. दोन्ही वेगळे काढता येत नाहीत आणि काढण्याची गरजही नाही. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकावर पहिला आकडा गावातल्या ज्या दुकानदाराकडून घालून घेतात, त्याच्या दुकानात वर्षभर लोक जातात ते काही केवळ पावतीमुळे नाही, पण पावती फाडली नसती तर ती गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली असती. मोटारीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. घराखालोखाल मोठी अशी ही खरेदी चार-सहा वर्षांतून एकदा होते आणि मधल्या काळात गाडी दुरुस्तीला पुन्हापुन्हा त्याच दारात येते. नव्या गाडीवर सुटणारा नफा तुटपुंजा असतो. दुकान चालते ते दुरुस्ती, सुटे भाग आणि वापरलेल्या गाड्या यांवर. आजोबांनी ज्याच्याकडून ट्रक घेतला त्याच्या मुलाकडून बापाने आणि नातवाकडून मुलाने घ्यायचा, हे चक्र ज्या विश्वासावर फिरते तो विश्वास लिलावातल्या डुकरासारख्या गोष्टींतून साठत गेलेला असतो.

मात्र हा विश्वास कोणाच्या ताळेबंदात लिहायचा हा प्रश्न आहे. विक्रेत्याने इमारत बांधली ती त्याची, जमीन त्याची, नाव त्याचे. तरी नव्या गाडीवरचे चिन्ह कंपनीचे आणि वॉरंटीतली दुरुस्ती करण्याचा अधिकारही कंपनीने दिलेला. चिन्ह उतरवले की साठलेल्या विश्वासाचे काय करायचे हे मालकाला कळत नाही, कारण तो विश्वास फोर्डच्या शोरूममध्ये उचलून नेता येत नाही. तिकडे आधीच दुसरे कुटुंब बसलेले असते.

यादी कशी तयार झाली

अमेरिकेत 2007 मध्ये एक कोटी साठ लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या, तो आकडा 2009 मध्ये एक कोटी चार लाखांवर आला. डिसेंबर 2008 मध्ये बुश सरकारने जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांच्यासाठी 17.4 अब्ज डॉलरच्या कर्जाची घोषणा केली आणि त्या बदल्यात दोघींकडून पुनर्रचनेचे आराखडे मागितले. ओबामा सरकारच्या अर्थखात्यात नेमलेल्या मोटारउद्योगविषयक गटाने 30 मार्च 2009 रोजी हे आराखडे अपुरे ठरवले. जनरल मोटर्सबाबत त्यांनी काढलेल्या त्रुटींपैकी एक अशी की विक्रेते कमी करण्याचा वेग फार मंद आहे. एक महिन्याने, 30 एप्रिलला, क्रायस्लरने दिवाळखोरीचा अर्ज केला.

गटाचा युक्तिवाद जपानी कंपन्यांकडे बोट दाखवणारा होता. टोयोटाचे अमेरिकेत साधारण बाराशे विक्रेते होते आणि त्यांतला प्रत्येक जण क्रायस्लरच्या सरासरी विक्रेत्याच्या कितीतरी पट गाड्या विकत होता. विक्रेते थोडे असले तर प्रत्येकाचा खप वाढतो, खप वाढला की तो झकपक शोरूम बांधतो, आपसातल्या चढाओढीत किंमत पाडत नाही, आणि गाडीचे नाव बाजारात टिकते, असा हा तर्क. क्रायस्लरची स्वतःचीही एक जुनी योजना होती, ती म्हणजे क्रायस्लर, डॉज आणि जीप या तिन्ही मालिका एकाच छपराखाली आणणे. ज्याच्याकडे एकच मालिका आहे तो या योजनेत अडसर ठरत होता. कंपनीने न्यायालयाला सांगितले की वगळलेल्या 789 जणांचा एकूण विक्रीतला वाटा अवघा 14 टक्के आहे आणि त्यांपैकी निम्म्या जणांकडून वर्षाला शंभर गाड्याही जात नाहीत.

हे आकडे खरे धरले तरी त्यांवरून काढलेला निष्कर्ष तपासून घ्यावा लागतो. मोठ्या शहरात एकाच रस्त्यावर एकाच कंपनीचे तीन विक्रेते असतील तर दोन कमी केल्याने उरलेल्याचा खप वाढेल हे समजण्यासारखे आहे. लहान गावात मात्र विक्रेता एकटाच असतो. तो वर्षाला ऐंशी गाड्या विकत असेल तर त्या गावात तेवढ्याच खपतात म्हणून. त्याला काढल्यावर गिऱ्हाईक पन्नास किलोमीटरवरच्या त्याच कंपनीच्या विक्रेत्याकडे जाईल की गावातच उरलेल्या दुसऱ्या कंपनीच्या दारात जाईल, याचे उत्तर मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सच्या मुख्यालयात बसून देता येणार नाही. ज्याला दर पाच हजार मैलांना तेल बदलायला गाडी न्यायची आहे तो शेतकरी चिन्हापेक्षा अंतर पाहतो. कंपनीचा मोजमापाचा मुख्य निकष होता तो प्रत्येक हद्दीसाठी ठरवलेल्या किमान विक्रीचा. हद्दीतल्या त्या त्या प्रकारच्या गाड्यांच्या नोंदणीवरून तो आकडा काढला जाई आणि विक्रेत्याने त्याच्या किती टक्के गाठले ते पाहिले जाई. पेढी फायद्यात आहे की तोट्यात, हा प्रश्न तिथे दुय्यम होता.

त्यातही विक्रेत्यांना सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच होती. 2009 च्या पहिल्या महिन्यांत क्रायस्लरकडे रोकड संपत आली असताना कंपनीने विक्रेत्यांना जादा गाड्या उचलण्याची गळ घातली होती. कारखाने चालू राहिले पाहिजेत, तुम्ही माल घेतला नाहीत तर कंपनी उरणार नाही, असे सांगितले गेले. कित्येकांनी व्याज डोक्यावर घेऊन गाड्या उचलल्या, आणि नंतर मे महिन्यात पत्र आले. यादीतल्या विक्रेत्यांच्या पटांगणात उभ्या असलेल्या गाड्या परत घेण्याचे बंधन कंपनीने पत्करले नाही. त्या दुसऱ्या विक्रेत्यांकडे वळवण्यास मदत करू, एवढेच आश्वासन दिले. सुटे भाग आणि त्या त्या इंजिनासाठी सक्तीने घ्यायला लावलेली खास अवजारे यांबाबतही तसेच. जुन्या धंद्यात भागांच्या कोठारातल्या कपाटांना वर्षानुवर्षांचा माल चिकटलेला असतो, आणि विक्रीचा हक्क गेल्यावर त्याची किंमत भंगाराच्या आसपास येते.

न्यायालय आणि संसद

राज्यांच्या कायद्यांनी हे सगळे रोखायला हवे होते. ते रोखू शकले नाहीत, कारण अमेरिकी दिवाळखोरी संहितेच्या कलम 365 नुसार दिवाळखोर कंपनीला अपुरे राहिलेले करार न्यायालयाच्या संमतीने नाकारता येतात आणि संघीय कायदा राज्याच्या कायद्यावर मात करतो. न्यायाधीश आर्थर गोन्झालेझ यांच्यापुढे विक्रेत्यांनी जोरदार विरोध केला. पण करार नाकारण्यामागे व्यवहाराच्या दृष्टीने वाजवी निर्णय आहे का, एवढीच कसोटी न्यायालयाला लावायची होती आणि ती कंपनीने पार केली. 9 जूनला मंजुरी मिळाली. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने, क्रायस्लरची मालमत्ता इटलीच्या फियाट कंपनीच्या भागीदारीतील नव्या कंपनीला विकण्याचा व्यवहार रोखण्याची, क्रायस्लरचे धनको असलेल्या इंडियानातील निवृत्तिवेतन निधींची मागणी फेटाळली आणि दुसऱ्या दिवशी नवी क्रायस्लर अस्तित्वात आली. यादीबाहेर राहिलेले विक्रेते या नव्या कंपनीबरोबर पुढे गेले.

जनरल मोटर्सने 1 जूनला दिवाळखोरीचा अर्ज केला, पण तिची पद्धत जरा मवाळ होती. तिने विक्रेत्यांना ऑक्टोबर 2010 पर्यंत आवरते घेण्याचा करार आणि काही रक्कम देऊ केली. दोन कंपन्यांची तुलना केली असता क्रायस्लरची घाई अधिकच उठून दिसते.

विक्रेते गप्प बसले नाहीत. मेरीलँड आणि ओहायो राज्यांतल्या काही विक्रेत्यांनी पुढाकार घेऊन हक्क परत मिळवण्यासाठी समिती स्थापन केली आणि वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या दारी फेऱ्या सुरू केल्या. येथे गावातले ते जुने स्थान उपयोगी पडले. रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळात ज्याच्याशेजारी आपण बसलो आहोत अशा माणसाचे पत्र खासदार बाजूला टाकत नाही, मग तो रिपब्लिकन असो की डेमोक्रॅट. 16 डिसेंबर 2009 रोजी संमत झालेल्या खर्चविषयक कायद्यात कलम 747 घालण्यात आले आणि काढलेल्या विक्रेत्यांना लवादापुढे जाण्याचा हक्क मिळाला.

या कलमाचा मजकूर वाचण्याजोगा आहे. लवादाने विक्रेत्याचे, कंपनीचे आणि जनतेचे आर्थिक हित यांचा तोल साधावा असे त्यात म्हटले होते, आणि विचारात घेण्याच्या सात बाबी दिल्या होत्या. पेढीची 2006 ते 2009 मधली नफाक्षमता, तिचा आजचा आर्थिक जीव, हद्दीची भौगोलिक आणि लोकसंख्याविषयक वैशिष्ट्ये, आणि पेढी किती वर्षांची आहे, या त्यांतल्या काही. मे महिन्यातल्या यादीत ज्या गोष्टींना किंमत नव्हती त्यांना डिसेंबरमध्ये कायद्याच्या भाषेत जागा मिळाली. दोन्ही कंपन्यांचे मिळून जवळपास 1,600 विक्रेते लवादाकडे गेले. मार्च 2010 मध्ये जनरल मोटर्सने लवादाची वाट न पाहता 661 जणांना परत घेण्याची तयारी दाखवली. हे पाऊल बोलके होते: ज्यांना काढल्याशिवाय कंपनी जगणार नव्हती त्यांतले इतके जण नऊ-दहा महिन्यांत परत चालू लागले. क्रायस्लर ताठर राहिली. तिने तुलनेने फारच थोड्यांना परत बोलावले आणि ज्या लवादांत विक्रेता जिंकला त्यांतही पुढे न्यायालयीन झगडे झाले.

हिशेबाची फेरतपासणी

19 जुलै 2010 रोजी ज्यातून या कंपन्यांना कर्ज मिळाले त्या सरकारी मदतनिधीवर देखरेख ठेवणारे विशेष महानिरीक्षक नील बॅरोफस्की यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. या प्रकरणातला तो सर्वांत उपयुक्त दस्तऐवज म्हणावा लागेल. विक्रेते कमी करणे मुळातच चूक होते, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांचा आक्षेप घाईला होता. कित्येक पिढ्यांतल्या सर्वांत मोठ्या मंदीत हजारो दुकाने एकदम बंद केल्याने जाणाऱ्या नोकऱ्यांचा पुरेसा विचार न करता, आणि कंपन्यांना त्यातून नेमकी किती बचत होणार हे न पाहता, जपानी नमुन्याच्या आधारे वेग वाढवण्यात आला, असा त्यांच्या निष्कर्षाचा आशय होता. जनरल मोटर्सने निवडीचे निकष सगळीकडे सारखे लावले नाहीत आणि नोंदीही नीट ठेवल्या नाहीत. क्रायस्लरने निकष सारखे लावले, पण दाद मागायला जागाच ठेवली नाही. अर्थखात्याने या टीकेशी असहमती नोंदवली. कंपन्या वाचल्या नसत्या तर सगळेच विक्रेते गेले असते, हे त्यांचे म्हणणे.

त्याच अहवालातले दोन आकडे मला विशेष महत्त्वाचे वाटतात. एक विक्रेता कमी केल्याने किती वाचेल, याचा जनरल मोटर्सचा अंदाज सुमारे 11 लाख डॉलरचा होता, तर क्रायस्लरचा होता 45,500 डॉलर. एकाच धंद्यातल्या, एकाच शहराच्या परिसरातल्या, एकाच सरकारी गटाच्या देखरेखीखालच्या दोन कंपन्यांच्या अंदाजात चोवीसपट अंतर पडत असेल तर बचत नावाची ही गोष्ट कोणी नीट मोजलेलीच नव्हती असे म्हणण्याला वाव राहतो. क्रायस्लरचाच आकडा घेतला तर मिनरल वेल्सच्या नव्वद वर्षांच्या पेढीची कंपनीला पडणारी किंमत एका बऱ्यापैकी कारकुनाच्या वार्षिक पगाराएवढी होते. आणि हे स्वाभाविकच आहे, कारण दुकान, व्याज, नोकर, जाहिरात, बेसबॉलचे सदरे, सगळा खर्च विक्रेताच करीत होता.

मोटारविक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे एका सरासरी पेढीत पन्नासएक माणसे कामाला असत. लहान गावातल्या पेढीत ती कमी असणार, पण त्यांतला मेकॅनिक त्या विशिष्ट कंपनीच्या गाड्यांवर शिकून तयार झालेला असतो आणि घर सोडून दुसऱ्या गावी जाणे त्याला मालकाहूनही जड जाते. गावातल्या वर्तमानपत्राचा मोठा जाहिरातदार जातो, नगरपालिकेचा विक्रीकर घटतो. यांतला कोणताही तोटा कंपनीच्या वहीत पडत नाही. काही विक्रेत्यांनी वापरलेल्या गाड्या आणि दुरुस्ती यांवर दुकान चालू ठेवले, काहींना दुसऱ्या कंपनीचा हक्क मिळाला, काहींनी जागा विकली.

नुकसानभरपाईचा मार्गही लांबला आणि बंद झाला. सरकारने मदतीच्या अटीच्या रूपाने आपली मालमत्ता हिरावली, म्हणून राज्यघटनेनुसार भरपाई द्यावी, असा दावा विक्रेत्यांच्या गटाने संघीय दावे न्यायालयात लावला होता. 2014 मध्ये अपील न्यायालयाने हा दावा प्राथमिक अवस्थेत फेटाळण्यास नकार दिल्याने आशा निर्माण झाली, पण 2019 मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. सरकारी मदत नसती तर कंपनीच मोडीत निघाली असती आणि मग विक्रीहक्काला किंमत उरली नसती, या युक्तिवादातून विक्रेते बाहेर पडू शकले नाहीत. कायद्याच्या दृष्टीने तो भक्कम आहे. मात्र यादीत नसलेल्या 2,392 विक्रेत्यांचा हक्क त्याच मदतीमुळे किमती राहिला, ही गोष्ट यादीतल्या माणसाला कशी पटावी हे सांगता येत नाही.

तळेगावकडे पाहताना

मराठी वाचकाला हे प्रकरण वाटते तितके दूरचे नाही. जनरल मोटर्सचा एक कारखाना पुण्याजवळ तळेगावला होता. मे 2017 मध्ये कंपनीने भारतातली विक्री त्या वर्षाअखेर थांबवण्याचे जाहीर केले. तळेगावला निर्यातीसाठी उत्पादन डिसेंबर 2020 पर्यंत चालू राहिले आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. सप्टेंबर 2021 मध्ये फोर्डनेही भारतातले उत्पादन बंद करण्याचा निर्णय सांगितला. दोन्ही वेळा विक्रेत्यांपुढे प्रश्न तेच होते: उभ्या गाड्यांचे काय, शोरूमवर घातलेल्या पैशाचे काय, आणि पाडव्याला ज्याच्या हाती हार घातलेल्या गाडीची किल्ली दिली त्या गिऱ्हाइकाला पुढच्या दुरुस्तीबद्दल काय सांगायचे. जिल्ह्याच्या गावी लोक कंपनीला ओळखत नाहीत, शोरूमच्या मालकाला ओळखतात. गाडीचा भाग मिळेनासा झाला की बोलणी त्यालाच खावी लागतात.

फरक आहे तो कायद्याचा. अमेरिकी विक्रेत्याजवळ निदान पन्नास राज्यांचे कायदे होते आणि ते बाजूला सारायला दिवाळखोरी न्यायालय लागले. भारतीय विक्रेत्याजवळ कंपनीने छापून आणलेला करार आणि सर्वसाधारण करार कायदा एवढेच असते. मोटारविक्रेत्यांची अखिल भारतीय संघटना, फाडा, ही 1964 पासून आहे आणि विक्रेत्याच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा व्हावा ही तिची मागणी आहे. संसदेच्या उद्योगविषयक स्थायी समितीने डिसेंबर 2020 मध्ये अशा कायद्याची शिफारस केली होती. नऊ महिन्यांनी फोर्डचा निर्णय आला तेव्हा तो कायदा झालेला नव्हता, आणि विक्रेते भरपाईची रक्कम ठरवण्यासाठी कंपनीशी एकेकटे बोलणी करायला बसले.